जुन्या एमएक्स-५ साठी चाकं आणि सस्पेन्शन कसं निवडावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉव्हेंट्रीत नोकरीला असलेल्या एका मराठी गृहस्थांनी १९९१ ची, १.६ लिटर इंजिनाची माझ्दा एमएक्स-५ घेतली आहे. इंजिन ठणठणीत आहे, पण खड्ड्यातून जाताना मागून ठकठक ऐकू येते, ओल्या वळणावर मागचा भाग एकदम सटकतो, आणि मूळच्या १४ इंची अलॉयपैकी दोन वाकल्या आहेत. त्यांच्या मनात १७ इंची चाकं, २०५/४० टायर (रुंदी २०५ मिलिमीटर, भिंतीची उंची तिच्या ४० टक्के) आणि गाडी ६० मिलिमीटर खाली घेणारा स्वस्तातला कॉइलओव्हर सेट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, उंची बदलता येणारा) आहे. हे घ्यावं का, आणि घेऊ नये तर काय घ्यावं?

उत्तर आधी देतो. हे घेऊ नका. १५ इंची हलकी चाकं घ्या, त्यावर १९५/५० टायर चढवा. सस्पेन्शनचा पैसा आधी सांध्यांतल्या रबरी बुशांवर, मग शॉकअपवर, आणि उरला तरच उंचीवर घाला. वेस्ट मिडलंड्समधल्या वर्कशॉपात २२ वर्षं मी सस्पेन्शनचंच काम करतोय, आणि उलट्या क्रमानं खर्च करून आलेल्या या गाड्या मी इतक्या पाहिल्यात की आता त्यांचा आवाज ऐकूनच काय केलंय ते ओळखता येतं. म्हणून जरा बैजवार लिहितो.

ही गाडी मुळात काय आहे ते लक्षात घ्या. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटर शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. तोशिहिको हिराई प्रकल्पप्रमुख होते, आणि घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत अशा अर्थाचं 'जिन्बा इत्ताई' हे जपानी वचन त्यांनी या गाडीचं सूत्र म्हणून धरलं होतं. ते सूत्र प्रत्यक्षात उतरलं ते वजनाच्या काट्यावर. गाडी हजार किलोच्या आत, इंजिन सुमारे ११५ अश्वशक्तीचं आणि पुढच्या ॲक्सलच्या मागे सरकवलेलं, चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक वरखालच्या दोन आडव्या आर्मवर धरलेलं. चाक १४ इंची, साडेपाच इंच रुंद, टायर १८५/६०. आज हे टायर बघून लोकांना वाटतं की कंपनीनं पैसे वाचवले. पण एवढ्याशा टायरमुळेच ही गाडी साध्या रस्त्यावर, कायद्याच्या वेगात, हातात आणि पाठीत बोलते. टायरची पकड संपत आली की ती हळूच सांगते आणि सावरायला वेळ देते. तो संवाद शाबूत ठेवायचा, हे धरून पुढचं सगळं लिहितोय.

तिचं दुखणंही तिथंच आहे. या पिढीच्या सस्पेन्शनला वर जायला जागा फार थोडी आहे. शॉकअपच्या दांड्यावर रबराचा किंवा फोमचा बंप स्टॉप असतो. चाक खड्ड्यातून किंवा उंचवट्यावरून वर सरकलं की काही अंतरानंतर शॉकअपचं अंग त्या स्टॉपला भिडतं. कारखान्यातून निघालेल्या उंचीलासुद्धा हे अंतर जेमतेम असतं; माझ्दानं बंप स्टॉपला स्प्रिंगचा जोडीदार म्हणूनच धरलं आहे. भिडेपर्यंत ठीक असतं. भिडल्यावर मात्र स्प्रिंगचा कडकपणा एकदम कितीतरी पटींनी वाढतो. चाक वर जाऊ शकत नाही, म्हणून अख्खी गाडी उचलली जाते आणि त्या टायरवरचा दाब डगमगतो. सरळ रस्त्यावर हा नुसता धक्का असतो. ओल्या राउंडअबाउटवर, अंगावर भार घेतलेल्या मागच्या बाहेरच्या चाकाला हे झालं, तर शेपूट निघतं. तुमची गाडी 'एकदम' सटकते असं तुम्ही लिहिलंय, त्या एका शब्दावरूनच मला हा संशय येतो. नुसता घसरणारा टायर एकदम सटकत नाही, तो आधी रेंगाळतो.

आता याच गाडीला ६० मिलिमीटर खाली घ्या. जी जागा मुळातच कमी होती ती सगळी उभ्या उभ्याच खाऊन टाकली. तीनेक वर्षांपूर्वी आमच्याकडे अशीच एक लाल गाडी आली होती. मालक म्हणाला, कॉइलओव्हर फार कडक आहेत, मऊ स्प्रिंग टाका. मी दांड्यावरचा रबरी बूट वर सरकवून पाहिलं, तर मागचे दोन्ही बंप स्टॉप गाडी उभी असतानाच दाबलेले होते. त्यावर मऊ स्प्रिंग टाकली असती तर गाडी आणखी आदळली असती. आम्ही उंची ३० मिलिमीटर वाढवली, स्प्रिंग तीच ठेवली. चाचणीची फेरी मारून तो परत आला तेव्हा त्याला वाटत होतं की आम्ही शॉकअप बदललेत.

हे तुम्ही घरीच तपासू शकता. शॉकअपच्या दांड्यावरचा बूट वर करा, दांड्याभोवती एक बारीक केबल टाय घट्ट बांधा आणि तो खाली अंगापर्यंत सरकवून ठेवा. मग नेहमीच्या रस्त्यावरून दहा मैल चालवून या. टाय वर सरकून बंप स्टॉपपर्यंत पोचला असेल, किंवा स्टॉपवर त्याचा वळ उमटला असेल, तर तुमचं सस्पेन्शन रोज तळ गाठतंय. त्याच वेळी टेपनं चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत मोजून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, कारण टायर बदलला की तो आकडा बदलतो. रस्त्यावर चालवायच्या गाडीला मी हे अंतर ३३० मिलिमीटरच्या खाली जाऊ देत नाही. दिसायला आणखी खाली छान दिसते हे खरं आहे, पण ती गाडी प्रदर्शनात उभी करायची असते.

चाकांकडे वळू. तुमच्या गाडीचं माप ४ × १०० (चार नट, १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर), मधलं भोक ५४.१ मिलिमीटर, नटाचे आटे एम १२ × १.५. भारतात मारुती स्विफ्टची अलॉय बदललेल्यांना ४ × १०० हे माप ओळखीचं असेल. १९९८ पासूनच्या दुसऱ्या पिढीचं मापही हेच आहे. २००५ च्या तिसऱ्या पिढीत मात्र पाच नट आले, ५ × ११४.३, आणि ती चाकं तुम्हाला बसणार नाहीत. जुन्या बाजारात नुसतं 'एमएक्स-५ ची अलॉय' म्हणून विकतात, तेव्हा आधी नट मोजा.

टायरचा व्यास हा पहिला हिशेब. मूळच्या १८५/६० आर १४ चा बाहेरचा व्यास सुमारे ५७८ मिलिमीटर येतो. १९५/५० आर १५ चा ५७६. म्हणजे जवळपास तोच. स्पीडोमीटर खरं बोलतो, गिअरचं प्रमाण तसंच राहतं, टायर मडगार्डला लागत नाही. २०५/४५ आर १६ चा ५९१ आणि तुमच्या मनातल्या २०५/४० आर १७ चा ५९६, म्हणजे मूळपेक्षा तीन टक्के मोठा. ११५ अश्वशक्तीच्या इंजिनाला ते तीन टक्के प्रत्येक चढावर जाणवतात, कारण गिअर तेवढा लांब झालेला असतो. त्यावर १७ इंची स्वस्त चाकाचं वजन. ते बहुतेक ओतीव आणि जाड असतं, आणि त्याचं बरंचसं वजन काठाला, मध्यापासून लांब असतं. स्प्रिंगच्या खालचं, फिरणारं वजन वाढलं की शॉकअपला ते आवरायला जास्त झगडावं लागतं आणि ब्रेकलाही. शिवाय टायरची भिंत १११ वरून ८२ मिलिमीटरवर येते. इंग्लंडच्या फेब्रुवारीतल्या खड्ड्यांत ती भिंत म्हणजे रिमचं एकमेव चिलखत आहे. तुमच्या १४ इंची अलॉय त्या भिंतीमागे असूनही वाकल्यात, हे विसरू नका.

ऑफसेटचा हिशेब लोक टाळतात आणि मग काठ घासतो. तोही करून देतो. ऑफसेट म्हणजे चाक गाडीला टेकतं ती बाजू चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर आहे ते. मूळ चाक साडेपाच इंच, ऑफसेट ४५. सात इंची, ऑफसेट ३५ चं चाक लावलं तर आतला काठ ९ मिलिमीटर आत जातो आणि बाहेरचा २९ मिलिमीटर बाहेर येतो. १९५/५० टायरसह हे या गाडीत कुठेही न घासता बसतं. ऑफसेट २५ घेतला तर आतली बाजू जवळजवळ मूळ जागीच राहते, पण बाहेर ३९ मिलिमीटर येतात. चाक मडगार्डच्या काठाशी येतं, दिसतं झकास, पण मागच्या मडगार्डची आतली कड वळवून घ्यावी लागू शकते. तीस वर्षांच्या रंगावर ती कड वळवताना रंग तडकतो आणि गंजाला दार उघडं होतं. त्याहून मोठं नुकसान स्टीअरिंगचं. पुढचं चाक बाहेर गेलं की ते ज्या अक्षावर वळतं त्या अक्षापासून लांब जातं, आणि रस्त्यातली प्रत्येक चीर हातात ओढ बनून येते. गाडीला पॉवर स्टीअरिंग नसेल तर पार्किंगमध्ये खांदे दुखतील ते वेगळंच. म्हणून माझी निवड साडेसहा ते सात इंच रुंदी आणि ३५ ते ३८ ऑफसेट. स्पेसर (चाकामागची चकती) लावून ऑफसेट जुळवायचा विचार सोडून द्या.

कोणतं चाक? खिशाला हलकं हवं असेल तर दुसऱ्या पिढीच्या एमएक्स-५ ची मूळ १५ इंची अलॉय, सहा इंच रुंद, ऑफसेट ४०. ती थेट बसते, मधलं भोकही तेच, आणि या देशात चांगल्या अवस्थेत सहज मिळते. मी स्वतः हिवाळ्यात तीच वापरतो. खर्च करायची तयारी असेल तर एन्केईचं आरपीएफ१, १५ × ७, ऑफसेट ३५. एक चाक साडेचार किलोच्या आसपास भरतं. हातात घेतल्यावर ग्राहक नेहमी दुसऱ्यांदा उचलून बघतात. मिनिलाइट धाटणीची आठ आऱ्यांची चाकं या गाडीला फार शोभतात, कारण गाडीच मुळात साठच्या दशकातल्या लोटस एलानसारख्या इंग्लिश रोडस्टरची आठवण ठेवून काढलेली आहे. पण त्या नावाखाली बरीच जड चाकं विकली जातात, तेव्हा वजन विचारा, आणि विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर घेऊ नका. बाजारातल्या बहुतेक चाकांचं मधलं भोक ५४.१ पेक्षा मोठं असतं. आरपीएफ१ चंही तसंच आहे. त्यात बरोबर मापाची स्पिगॉट रिंग (भोकातली फट भरणारं कडं) बसवा, नाहीतर चाक नीट मध्यावर बसत नाही आणि साठ मैलांना स्टीअरिंग थरथरायला लागतं. वापरलेलं चाक असेल तर बॅलन्सिंग यंत्रावर फिरवून आतला काठ बघा. वेल्डिंग केलेलं दिसलं तर मी ते गाडीला लावत नाही, कितीही सुबक केलेलं असलं तरी.

टायरची रुंदी १९५ वरच थांबवा. २०५ बसतो, पण रस्त्यावरच्या ११५ अश्वशक्तीला तो गरजेपेक्षा जास्त पकड देतो आणि गाडी मुकी होते. टायरच्या भिंतीवरचा चार आकड्यांचा कोडही वाचा: २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. उन्हाळ्यापुरत्या चालणाऱ्या या गाड्यांवर नक्षी भरपूर शिल्लक पण रबर दगड झालेलं, असे टायर मी नेहमी पाहतो. तुमचं ओल्यातलं सटकणं निम्मं त्यातलंही असू शकतं.

आता रबर. इथं मी जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमची ठकठक बहुतेक इथली आहे. मी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका गॅरेजात कॉलेजच्या सुट्ट्यांत काम शिकलो. तिथले मिस्त्री गाडी आली की पाना हातात घ्यायच्या आधी टॉमी (लोखंडी पहार) घालून एकेक आर्म हलवून बघायचे आणि बुशमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, किती आहे ते बोटानं दाखवायचे. शॉकअपचं नाव त्यानंतर निघायचं. आज माझ्याकडे लेसरचं अलाइनमेंट यंत्र आहे, पण क्रम तोच आहे.

या गाडीच्या प्रत्येक विशबोनच्या टोकाला रबरी बुश आहे. रबर आतल्या आणि बाहेरच्या धातूच्या नळीला चिकटवलेलं असतं; आर्म वरखाली होतो तेव्हा ते फिरत नाही, पीळ खातं. तीस-पस्तीस वर्षांत ते कडक होतं, चिरतं आणि नळीपासून सुटतं. मग ब्रेक मारताना चाक किंचित मागे सरकतं, गॅस दिला की पुढे. अलाइनमेंट यंत्रावर आकडे बरोबर आणि रस्त्यावर गाडी भरकटते, ती या बुशांमुळे. सुटलेल्या बुशांवर नवे महागडे शॉकअप लावले तर ते आधी त्या बुशांनाच हाणतात.

बुश रबराचेच घ्या. पॉलियुरेथेनचे चटकन बसतात, वळणावर गाडी टोकदार वाटते, पण ते पीळ खात नाहीत, नळीवर फिरतात. ग्रीस सुकलं की करकरतात, आणि पावसातल्या गाडीत ते सुकतंच. ट्रॅकसाठी ठीक. रोजच्या रस्त्याला मला रबर आवडतं.

आणि हे काम कोणाकडूनही करून घ्या, पण एक गोष्ट त्यांना तोंडावर विचारा: आर्मचे बोल्ट शेवटचे कधी आवळता? उत्तर हवं ते असं: गाडी चाकांवर उभी करून, तिच्या नेहमीच्या उंचीला. गाडी लिफ्टवर असताना, आर्म खाली लोंबत असताना बोल्ट आवळले, तर जमिनीवर आल्या आल्या प्रत्येक बुशला कायमचा पीळ बसतो. मी नवा असताना एका गाडीचे सगळे बुश असेच लिफ्टवर आवळले होते. सहा महिन्यांत ती परत आली, नवे बुश फाटलेले होते आणि गाडी दीड सेंटिमीटर उंच बसली होती. ते सगळं काम मी पुन्हा विनामूल्य केलं. तेव्हापासून आमच्याकडे ही नोंद कामाच्या कागदावर वेगळी सही घेऊन होते.

खालच्या विशबोनचे आठ बोल्ट विक्षिप्त आहेत, म्हणजे त्यांच्या डोक्याशी चकती मध्यापासून सरकवून बसवलेली आहे. ते फिरवून कॅम्बर (उभ्या चाकाचा आतबाहेरचा कल), कॅस्टर (पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल) आणि मागचा टो (चाकांची तोंडं किती आत वा बाहेर) जुळवतात. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, आणि हे बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून जाम होतात. जोर लावला तर तुटतात. म्हणून गाडी नेण्याआधी आठवडाभर रोज भेदक तेल मारा, आणि काही बोल्ट कापून नवे घालावे लागतील असं धरूनच पैसे बाजूला ठेवा. नवे घालताना दांड्याला तांब्याचं ग्रीस लावायला सांगा. आणि गाडी लिफ्टवर असतानाच मागच्या चाकांच्या लगेच पुढचा सिलचा (दाराखालच्या पत्र्याचा) भाग टोकदार वस्तूनं टोचून बघा. या पिढीची गाडी तिथं सडते. तिथं भोक पडलं तर सस्पेन्शनचा सगळा विचार थांबवा आणि आधी पत्र्याचं काम करा. तो भाग गाडीच्या सांगाड्याचा आहे आणि एमओटीतही (इथल्या वार्षिक वाहन तपासणीतही) तिथंच अडतं.

शॉकअपसाठी माझ्याकडे दोनच नावं आहेत, दोन्ही मी डझनांनी बसवलेत. बिल्स्टाइनचे मोनोट्यूब: आत दाबाखाली गॅस, लांब पल्ल्यातही तेलाला फेस येत नाही, लहान खड्डे किंचित कडक. पिवळे कोनी: उसळून परत येण्याचा वेग वरच्या खुंटीनं कमीजास्त करता येतो, आणि जुन्या मऊ स्प्रिंगबरोबर छान जुळतात. रोजच्या रस्त्यावरच्या वापराला मी कोनी घेईन, मूळ स्प्रिंग ठेवीन, किंवा फार तर २० ते २५ मिलिमीटर खाली घेणाऱ्या स्प्रिंग. सोबत नवे बंप स्टॉप घ्यायचेच. दुसऱ्या पिढीत माझ्दानं वरच्या माउंटची रचना बदलून शॉकअपला जास्त जागा करून दिली. तेच माउंट, शॉकअपच्या दांड्याला साजेसे बुश आणि वॉशर जुळवून, तुमच्या गाडीला बसतात. एवढ्या पैशात या गाडीला यापेक्षा मोठा फरक करणारा दुसरा भाग मला माहीत नाही.

कॉइलओव्हरच हवे असतील तर एवढं तपासा. स्वस्त सेटमध्ये उंची कमी करायला फक्त स्प्रिंगची बैठक खाली सरकते, म्हणजे गाडी जितकी खाली, तितका शॉकअपचा पल्ला कमी. चांगल्या सेटमध्ये खालचा ब्रॅकेटच आट्यावर वरखाली होतो आणि पल्ला शाबूत राहतो. पुढच्या मूळ स्प्रिंगचा दर साधारण तीन किलो प्रति मिलिमीटर आहे. स्वस्त सेट सहा-आठ किलोच्या स्प्रिंग देतात आणि त्यांना आवरण्याइतकं बळ शॉकअपमध्ये नसतं, म्हणून गाडी एकाच वेळी कडकही लागते आणि उसळतेही.

सगळं बसल्यावर, आणि चालकाच्या सीटवर तुमच्याइतकं वजन ठेवून, अलाइनमेंट. मी पुढे कॅम्बर उणे एक अंश, मागे उणे दीड, पुढचा टो शून्य, मागे दोन्ही मिळून दोन मिलिमीटर आत, आणि कॅस्टर दोन्ही बाजूंना सारखा, पाच अंशांच्या जवळ ठेवतो. मागचा टो चुकून बाहेर राहिला तर ही गाडी पावसात घातक होते. तुमच्या गाडीत आत्ता काय आहे ते काही बदलण्याआधीच छापून घ्या. विम्याच्या कंपनीला चाकं आणि सस्पेन्शन बदलल्याचं लेखी कळवा. चाकांचे नट टॉर्क पान्यानं ११० न्यूटन-मीटरला आवळा आणि पन्नास मैलांनी पुन्हा तपासा.

जुन्या सात आऱ्यांच्या अलॉय, ज्यांना इथं डेझी म्हणतात, त्या विकू नका. वाकलेल्या दोन चांगल्या कारागिराकडून सरळ होतील का बघा, तडा नसेल तर बहुतेक होतात. माझ्दानं जपानमध्ये या पिढीच्या गाड्यांचं जीर्णोद्धाराचं काम हाती घेतलं, तेव्हा त्यांना १४ इंची अलॉय आणि ब्रिजस्टोनचा मूळ नक्षीचा १८५/६० टायर नव्यानं बनवावा लागला. चारही चाकं धुऊन, सुकवून, आडवी रचून कोरड्या जागी ठेवा. कोनी आणि नवे बुश बसल्यावर एखाद्या कोरड्या रविवारी तीच चाकं, नव्या १८५ टायरसह, पुन्हा लावा आणि मॅक्लसफील्डहून बक्स्टनकडे जाणारा घाट एकदा चढून या. १५ इंची चाकं कायमची ठेवायची की नाही ते त्यानंतर ठरवा. मी माझ्या गाडीवर उन्हाळ्यात १४ च ठेवलीत.